मागचा फोटो

"फुलाचं तोंड बघावं माणसानं. हिचं सगळं उलटंच. ही पाठ बघत बसती."

चंद्राबाई हे कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. त्या पंख्याकडे बघून बोलल्या. बेंगळुरूत जयनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांची कॉट भिंतीला लागून होती आणि कॉटपासून तीन फुटांवर सुनेचं कॉम्प्युटरचं टेबल. त्यामुळे पंख्याला सांगितलेली प्रत्येक गोष्ट आधी श्यामलाच्या कानावर यायची. पंख्यापर्यंत किती पोचायची, ते पंख्यालाच ठाऊक.

श्यामला वळली नाही. समोरच्या पडद्यावर कुणा नागपूरच्या मुलानं बारा हजार फुटांवर चिखलात गुडघे टेकून काढलेला फोटो होता. पुढे पिवळंधमक फूल, मागे बर्फाचं शिखर, पाकळीवर दव. कुणालाही फ्रेम करून लावावासा वाटेल असा फोटो. श्यामलानं त्याच्याखाली टाइप केलं, "छान. मागचा फोटो आहे का?"

मुलाचं उत्तर आलं. "मागचा म्हणजे ताई? मागे तर शिखर आहे."

"शिखराचा नको. फुलाचा."

"रानफुलं आणि आपण" या ग्रुपवर श्यामला हाच एक प्रश्न गेली अकरा वर्षं विचारत होती. ग्रुपात त्रेचाळीस माणसं. बहुतेक पुण्या-मुंबईकडून बेंगळुरूत कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेली, सुट्टी मिळाली की हिमालयात पळणारी. त्यांनी फोटो पाठवायचे आणि श्यामलाताईंनी नाव सांगायचं. इतर फुलांचं एक वेळ ठीक होतं. पण सूर्यफुलाचं कुळ म्हणजे तिचा खास प्रांत. आपला झेंडू, आपली शेवंती, फुटपाथच्या फटीतून मान काढणारी एकदांडी, अंगाला खाज आणणारं गाजरगवत आणि हिमालयातली ती निळी-जांभळी डेझीसारखी फुलं, ही सगळी एका घरची माणसं. आणि मोठ्या कुटुंबात होतं तेच इथंही झालेलं. सगळ्यांचे चेहरे सारखे. मधे पिवळं, कडेनं पाकळ्या. चेहऱ्यावरून ओळखायला जावं, तर मावशीला आत्या म्हणून मोकळं व्हायचं.

खरं काय ते पाठीमागे. फूल उलटं केलं की खाली हिरव्या छोट्या पात्यांची एक वाटी असते. ती पाती रुंद आहेत की बारीक, एका ओळीत आहेत की कौलांसारखी एकावर एक, केसाळ आहेत की गुळगुळीत, यावर सगळा निकाल. पण हौसेनं डोंगर चढून गेलेलं माणूस फुलाच्या चेहऱ्याचा फोटो काढतं. फुलाखाली मान घालून त्याच्या पाठीचा फोटो काढायला वेगळा स्वभाव लागतो.

श्यामला बेळगावची बीकॉम. वनस्पतीशास्त्राशी तिचा संबंध म्हणजे कढीपत्त्याची कुंडी. जे शिकली ते स्वतः, जाडजूड ग्रंथांच्या फुकट मिळालेल्या प्रती एकेक ओळ बोट ठेवून वाचत, स्वयंपाक आणि चंद्राबाईंची औषधं यांच्या मधल्या वेळात. आता ग्रुपात तिचा शब्द शेवटचा मानत. फक्त एक गोष्ट ग्रुपाला माहीत नव्हती. श्यामला हिमालयात कधी गेलेलीच नव्हती.

ती खोटं बोलली असं कुणाला म्हणता येणार नाही. सहा-सात वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, तुम्ही गेला होता तेव्हा हे फुललं होतं का?" तिनं फुलाचं नाव लिहिलं आणि फुलायचे महिने लिहिले. रिक्षावाल्यानं "टीचरम्मा" म्हटल्यावर आपण सगळेच जरा ताठ बसतो, उतरताना दुरुस्ती करत नाही. तसंच ते. पुढे ते वाढत गेलं. दुरुस्तीची वेळ निघून गेली की खऱ्यालाच लाज वाटायला लागते.

तिकिटं तीनदा काढली होती. एकदा तर बॅग दारात होती. पण दरवेळी काही ना काही निघालं. जूनचा शेवट आला की घरात काहीतरी निघायचंच. म्हणजे काय, तर चंद्राबाईंची कंबर धरायची. इतकी, की कूस बदलायला दोन माणसं लागायची. डॉक्टर यायचे, दाबून बघायचे, फोटो काढायचे, फोटोत काही दिसायचं नाही. ऑगस्ट लागला आणि तिकडची फुलं संपत आली, की कंबर आपोआप सुटायची. हे वेळापत्रक त्या घरात तिघांना पाठ होतं, आणि तिघांपैकी कुणीही ते कधी उच्चारलं नव्हतं. श्यामलाचा नवरा श्रीरंग सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. घरात अवघड शांतता झाली की तो म्हणायचा, "कोथिंबीर आणतो." त्या घरात कोथिंबीर कधी कमी पडली नाही.

तर गोष्ट अशी झाली. जुलैअखेर अश्लेषा नावाची एक मुलगी डोंगरातून परतली. मूळची पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, ग्रुपात सगळ्यात उत्साही. तिनं एका जांभळ्या फुलाचा फोटो टाकला, अर्थात समोरून. खाली लिहिलं, "ताई, तुम्ही तर हे कितीदा पाहिलं असेल. तुम्हाला वन ग्लान्समध्ये कळेल."

श्यामलाची बोटं सवयीनं "मागचा" एवढं टाइप करून थांबली. एका नजरेत कळेल असं कुणी म्हणाल्यावर दुसरी नजर मागायची कशी. तिनं ते खोडलं आणि लिहिलं, "ॲस्टर."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं पाठ न बघता नाव सांगितलं होतं. पाच मिनिटांत खाली नरसिंह सरांचा निरोप आला. नरसिंह सर म्हणजे म्हैसूरकडचे निवृत्त प्राध्यापक. पुण्यात पीएच.डी. करताना ते मराठी शिकले होते, तेही पुस्तकातून, आणि ती मराठी त्यांनी इस्त्री करून जपली होती. त्यांनी लिहिलं, "हे ॲस्टर नसून त्याच कुळातील इरिजेरॉन असावे असे मला वाटते. पाठीमागील बाजू पाहिल्याशिवाय निर्णय करणे उचित नव्हे, हे आपणच आम्हांस शिकविले आहे."

श्यामलाला तो शब्द लागला, कारण तो खरा होता. तिनं लिहिलं, "ॲस्टरच आहे." माणूस चुकलं की त्याच्या वाक्यात "च" येतो.

त्यावर अश्लेषानं तोडगा काढला. तिच्याकडे ते फूल होतं. म्हणजे तिनं तोडलेलं नव्हतं. वाटेत सामान वाहणाऱ्या खेचरानं ते तोंडात धरलं होतं, आणि तिनं खेचराला बिस्किट देऊन ते सोडवून घेतलं होतं. डायरीत दाबून वाळवलंही होतं. "सो संडेला आपण सगळे ताईंकडे भेटू या का? समोरासमोर ठरवू. ताईंचं हिमालयातलं कलेक्शन पण बघायला मिळेल."

चौदा जणांनी अंगठे वर केले. श्यामलानं पडद्याकडे बघितलं. मग तिनंही अंगठा वर केला. त्या वेळी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मागे पंख्याला सांगितलं गेलं, "चौदा माणसं येणार म्हण की. बसवतीस कुठं?"

चंद्राबाईंना जवळचं धड दिसायचं नाही, पण तीन फुटांवरच्या पडद्यावरची मोठी अक्षरं लख्ख दिसायची. सुनेनं अक्षरं मोठी ठेवली होती, स्वतःच्या डोळ्यांसाठी.

इमारतीच्या नियमाप्रमाणे दहाच्या वर पाहुणे येणार असतील तर परवानगी लागायची. परवानगी द्यायचे तळमजल्यावरचे मल्लाप्पा. निपाणीकडचे, पालिकेच्या कचेरीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले, आणि कचेरी सुटली तरी फॉर्म न सुटलेले. त्यांनी श्यामलापुढे कागद ठेवला.

"अक्का, नियम मी केला नाही. म्हणजे केला मीच, पण समितीनं केला."

फॉर्मवर "कार्यक्रमाचे स्वरूप" असा रकाना होता. त्यात चार चौकोन. वाढदिवस, बारसं, पूजा, इतर.

"इतर," श्यामला म्हणाली.

मल्लाप्पांनी चष्मा काढला. "इतर म्हटलं की समितीची बैठक. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. तुमचं ह्या रविवारी. इतरमध्ये काय करणार आहात?"

"एक फूल बघणार आहोत."

"चौदा जण?"

"हो."

"एक फूल?"

श्यामलाला त्या क्षणी आपला अकरा वर्षांचा अभ्यास बाहेरून कसा दिसतो ते कळलं. मल्लाप्पा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "स्वल्प विचार करा अक्का. श्रावण आहे. पूजा लिहा. पूजेला कोण नको म्हणतंय? फूल तर पूजेत बी असतंयच की."

तिनं पूजेच्या चौकोनात खूण केली. खाली "कोणती" म्हणून ओळ होती, तिथं मल्लाप्पांनीच सुवाच्य अक्षरात "श्री सत्यनारायण" लिहिलं, शिक्का मारला, आणि सगळं मार्गी लागलं.

संध्याकाळी लिफ्टपाशी कागद चिकटवलेला होता. फ्लॅट दोनशे चार, रविवारी सकाळी श्री सत्यनारायण, सर्वांनी तीर्थप्रसादास यावे. नियमच होता तसा. पूजा कळवायची असते.

श्यामलानं ठरवलं की कागद आपला लिफ्टपाशी राहील आणि फुलं आपली हॉलमध्ये राहतील. पण ती वर पोचायच्या आत बातमी वर पोचली होती. चंद्राबाई कॉटवर उठून बसल्या होत्या. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला तजेला.

"सत्यनारायण घालायलीस म्हणे. मला सांगितलं न्हाईस ते."

"आई, ते नुसतं फॉर्मपुरतं आहे."

"फॉर्मपुरतं?" चंद्राबाईंनी पहिल्यांदाच पंखा सोडून थेट सुनेकडे बघितलं. "देवाचं नाव लिहिलंस, शिक्का मारून घेतलास, अन् पूजा न्हाई? त्या सत्यनारायणाच्या पोथीत हेच तर आहे सगळं. नवस बोलायचा अन् विसरायचं. पुढं त्या साधुवाण्याच्या नावेचं काय झालं, ठाऊक आहे न्हवं?"

श्रीरंगनं दोघींकडे बघितलं. "कोथिंबीर आणतो," तो म्हणाला. मग जाता जाता दारातून, "आणि रवाही आणतो."

असा तो रविवार दुहेरी झाला. आधी पूजा, मग फूल. शिऱ्याचा अंदाज चौदावरून साठावर गेला. शेजारच्या बाईंनी मोठं पातेलं दिलं आणि त्याबरोबर, वाळलेली फुलं मायक्रोवेव्हमध्ये ठेवली की किती छान राहतात, तेही सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की पूजेला चाफा असावा. मल्लाप्पा दोनदा वर येऊन खुर्च्या मोजून गेले.

शनिवारी दुपारी अश्लेषा ते फूल पोचवून गेली. स्टीलच्या चपट्या डबीत, दोन टिपकागदांच्या मध्ये. "ताई, तुमच्याकडे जास्त सेफ राहील. पीजीत मुंग्या आहेत." श्यामलानं डबी उघडली. रुपयाएवढं, जांभळं, चपटं झालेलं फूल. पाकळ्या कागदाला चिकटलेल्या, तोंड वर. उलटं करायला गेलं तर चुरा झाला असता. आजवर शेकडो नावं सांगितली, पण हिमालयातलं फूल तिच्या हाताच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आलं होतं. तिनं त्याला नाक लावलं. वास डायरीचा होता.

वाळलेल्या नमुन्यांना किडे लागतात, म्हणून थंड जागी ठेवावं, असं तिनं वाचलं होतं. तिनं डबी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. जगात कुठेही हे बरोबरच ठरलं असतं. पण बेंगळुरूतल्या पूजा करणाऱ्या घरात फ्रीजचा खालचा खण फुलांचा असतो. रस्त्यावरची फूलवाली हातानं मोजून शेवंतीचा गजरा देते, तो त्यात. सुटी फुलंही तिथंच, डब्यांमध्ये. रविवारी सकाळी श्रीरंगला पंचामृताच्या दुधासाठी जागा हवी होती. फुलाची डबी म्हणून त्यानं ती फुलांच्या खणात सरकवली. यात त्याचं काय चुकलं, असं तो पुढे बराच काळ विचारत होता.

श्यामलाचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं, आणि ते सांगायला जरा संकोच वाटतो. माळ्यावर नऊ वर्षांपूर्वी चिकपेटेच्या बाजारात घेतलेले डोंगर चढायचे बूट होते. एकदाही न घातलेले. तिनं ते खाली काढले, पुसले, आणि दाराबाहेर चपलांच्या रॅकशेजारी ठेवले. म्हणजे येणाऱ्याला दिसतील. मग तिला ते फार नवे वाटले. तिनं कढीपत्त्याच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली आणि बुटांच्या टोकाला लावली. छप्पन्न वर्षांची बाई, हातात माती, आणि पाठीमागे श्रीरंग उभा.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"असू देत," ती म्हणाली.

त्यानं वाकून एका बुटाची नाडी सोडली आणि जरा वापरल्यासारखी वाकडी बांधली. बत्तीस वर्षांच्या संसारात श्यामलाला त्याचं एवढं प्रेम क्वचितच आलं होतं.

दहाला सगळे जमले. ग्रुपातले चौदा, वर इमारतीतले चाळीसेक. अश्लेषा अर्धा तास आधीच आली आणि शिऱ्यात काजू टाकायच्या कामाला लागली. नरसिंह सर ठीक दहाला आले. दारात चपलांचा ढीग झाला होता, आणि सर शिस्तीचे. ते वाकून एकेक जोड नीट लावू लागले. श्यामला त्यांच्या स्वागताला दारात आली, तेव्हा त्यांनी तिचा बूट उचलला होता. बूट वर आला. तळ खालीच राहिला.

नऊ वर्षं माळ्यावर पडून डिंक वाळून गेला होता. वापरलेल्या बुटाचं असं होत नाही. सरांनी तळ उचलून उलटा करून बघितला. त्यावर एकही ओरखडा नव्हता, दुकानातला नंबराचा कागद अजून तसाच होता. त्यांनी टोकाच्या मातीकडे बघितलं. मग एखादा नमुना कागदावर ठेवावा तशा काळजीनं त्यांनी बूट पुन्हा तळावर ठेवला, कडेला कड जुळवून.

"नमस्कार," ते म्हणाले. "आपल्या घरी येऊन आनंद झाला."

श्यामलानं नमस्कार केला. कान तापले होते. आत पोथीची वेळ झाली होती.

पोथी श्रीरंगनं वाचली. पूजा चंद्राबाई करत होत्या, चौरंगापुढे खुर्चीत बसून. त्यांची एक जुनी रीत होती. काही अडलं की देवाला विचारायचं. देवाच्या डोक्यावर एक फूल ठेवायचं, मनात प्रश्न धरायचा, आणि बघत राहायचं. फूल उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. बेळगावात असताना लग्नं यावर ठरली होती. बेंगळुरूत आल्यावर व्यायाम शिकवायला येणारी बाई बदलावी का, असे प्रश्न देवाकडे जाऊ लागले होते. देवानंही कधी तक्रार केली नव्हती.

पाचवा अध्याय संपला. चंद्राबाईंनी हात मागे करून म्हटलं, "फूल दे गं एक. सुटं." अश्लेषा स्वयंपाकघरातून डबे आणून ठेवत होती. चंद्राबाईंनी चाचपून सगळ्यात वरची चपटी डबी उघडली, वरचा कागद बाजूला सारून, फ्रीजच्या ओलाव्यानं सुटलेलं फूल दोन बोटांत अलगद घेतलं, देवाच्या डोक्यावर ठेवलं आणि डोळे मिटले.

अश्लेषानं आधी बघितलं. तिनं श्यामलाचं कोपर धरलं. "ताई. दॅट इज आवर फ्लॉवर."

श्यामला उठली, आणि तिथंच थांबली. देवाला प्रश्न विचारलेला असताना मधे हात घालायची त्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. चोपन्न माणसं देवाच्या मुकुटावरच्या खेचराच्या तोंडून सोडवलेल्या फुलाकडे बघत राहिली. वरून पंख्याचा झोत आला. फूल हललं, कडेला आलं, आणि उजवीकडच्या ताम्हणात, अभिषेकाच्या पाण्यात, टप्पकन पडलं.

चंद्राबाईंनी डोळे उघडले. ताम्हणाकडे बराच वेळ बघितलं. "बरं," त्या देवाला म्हणाल्या. एवढंच.

आरती झाली. श्यामला आरतीत होती की नव्हती ते तिलाच ठाऊक नाही. फूल पाण्यात. खेचराकडून सोडवलेलं, दीड हजार मैल आलेलं. इमारतीतली मंडळी शिरा घेऊन हळूहळू पांगली. वाटेत दहा जणांनी तिला सांगितलं की प्रसाद छान झालाय, आणि मल्लाप्पांनी फॉर्मवर "कार्यक्रम पार पडला" अशी सही घेतली. मग ते दारापाशीच खुर्ची घेऊन बसले. एक फूल चौदा जण कसं बघतात, ते त्यांना बघायचं होतं.

"आय ॲम सो सॉरी ताई," अश्लेषा म्हणाली. "डबी मीच आणून ठेवली."

"तू काय करणार. मी थंड जागी ठेवली." श्यामला ताम्हणाशी बसली. "गेलं."

"कृपया थांबा," नरसिंह सर म्हणाले. ते तिच्याशेजारी खाली बसले. खिशातून घडीचं भिंग काढलं. "वाळलेले फूल पाहण्यासाठी प्रयोगशाळेत आम्ही ते पाण्यातच भिजवितो. अन्यथा पाती उघडत नाहीत." मग चंद्राबाईंकडे बघून, "आजी, मी हे प्रसाद म्हणून घेऊ शकतो काय?"

"घ्या की," चंद्राबाई म्हणाल्या. "देवाचं काम झालंय त्याच्याकडनं."

सरांनी चमच्यानं फूल उचललं. ते फुलून आलं होतं. पाकळ्या कागदासारख्या राहिल्या नव्हत्या, सुटल्या होत्या, दोऱ्यासारख्या बारीक, शंभरावर असतील. एकेक पाकळी म्हणजे खरं तर एकेक फूल. या कुळात एक फूल म्हणून जे दिसतं ते शेकडो फुलांचं बिऱ्हाड असतं, बाहेरून एकच चेहरा करून बसलेलं. सरांनी फूल तळहातावर उलटं केलं आणि भिंग स्वतःच्या डोळ्याला न लावता श्यामलाच्या हातात दिलं.

तिनं बघितलं. अकरा वर्षं ज्याला त्याला जे मागितलं, ते तिच्यासमोर होतं. ॲस्टरची असती तर पाती रुंद असती, पानासारखी. ही बारीक होती, एका मापाची, दाटीनं उभी, अंगभर मऊ केस. एका केसावर हळदीचा कण अडकला होता. तिला घाई नव्हती. तिनं सगळी वाटी फिरवून फिरवून बघितली.

"इरिजेरॉन," ती म्हणाली. "सर बरोबर होते. मी चुकले. मागचा फोटो मागायला हवा होता मी."

मग एकानं टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी वाजवली. चूक कबूल केल्यावर टाळ्या का वाजवतात कोण जाणे, पण श्यामलाला हलकं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"पण ताई," अश्लेषा म्हणाली, मनात काही नसताना, "तुम्ही तिकडे पाहिलं होतं तेव्हा कन्फ्यूजन नाही झालं? म्हणजे तिथे ही दोन्ही बाजूबाजूलाच असतात ना?"

"तो मुद्दा गौण आहे," नरसिंह सर घाईनं म्हणाले.

"शिरा घ्या अजून," श्रीरंग म्हणाला.

मल्लाप्पांनी छताकडे बघितलं. तेही चौदा वर्षं त्याच इमारतीत होते. तीनदा टॅक्सी रद्द करायला तेच वॉचमनकडे गेले होते.

श्यामलानं भिंग मिटलं. "अश्लेषा," ती म्हणाली, "मी तिकडे..."

"ती गेलीच न्हाई कधी."

आवाज खुर्चीतून आला होता. चंद्राबाई पंख्याकडे बघत नव्हत्या.

"हिमालयात न्हाई, कुठंच न्हाई. त्या टेबलाशी बसून बघितलं सगळं. माझ्याकडं पाठ करून. तुम्ही हिचं तोंड बघता. मी रोज पाठ बघितली. एखादं फूल आवडलं की खांदे अशे वर जातात तिचे. तीनदा तिकिटं काढली. तिन्ही वेळा माझी कंबर धरली."

"आई, राहू दे ना," श्रीरंग म्हणाला. "मी जरा कोथिंबीर..."

"बस खाली. कोथिंबीर भरपूर आहे."

श्रीरंग बसला.

चंद्राबाईंनी सुनेकडे बघितलं. जवळचं त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून त्या जरा मागे रेलल्या, तीन फूट होतील इतक्या.

"देवाला मी तेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सांगू का म्हणून. त्यानं उजवं दिलं. ते बी तुझंच फूल निघालं, आता काय करायचं?" त्यांनी पदरानं हातावरचं कुंकू पुसलं, सावकाश, एकेक बोट. "कंबर कधी धरलीच नव्हती गं, श्यामला."